अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातला चोक

अ‍ॅम्प्लिफायरला २३० व्होल्टची वीज थेट चालत नाही. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो आणि रेक्टिफायर उलटसुलट वाहणारा प्रवाह एकाच दिशेला वळवतो. मात्र तिथून निघालेली वीज सपाट नसते. सेकंदाला १०० वेळा उसळून ती शून्यावर येते. या लाटा फिल्टरने मोडल्या नाहीत, तर स्पीकरमधून अखंड घूंऽऽ ऐकू येते.

बहुतेक यंत्रांत हे काम रेक्टिफायरलगत जोडलेला मोठा कपॅसिटर करतो. तो लाटेच्या माथ्यावरच भरतो, म्हणून सरासरीच्या कितीतरी पट प्रवाह क्षणभर ओढतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत धानकापणीनंतर रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांसारखा कार्यक्रम घेतला, तर अडचण स्पष्ट होते. हळू संवादाला प्रवाह थोडा लागतो, गाणे रंगले की एकदम वाढतो. त्यातच वीज छोट्या जनरेटरवरून लांब वायरीने आणलेली असेल, तर त्या झटक्यांनी दाब आणखी खाली बसतो.

कपॅसिटरच्या आधी चोक जोडला की वागणूक बदलते. चोक म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. प्रवाह वाढू लागला की ती अडवते, घटू लागला की साठवलेली ऊर्जा परत देते. त्यामुळे रेक्टिफायरमधून प्रवाह सलग वाहतो आणि मागणी बदलली तरी दाब फारसा हलत नाही. याची किंमत दाबात मोजावी लागते : नुसत्या कपॅसिटरने ट्रान्सफॉर्मरच्या व्होल्टच्या सुमारे १.४ पट डीसी मिळते, चोकने ०.९ पट. म्हणून ४० व्होल्ट हवे असतील, तर तारेतली व डायोडमधली घट सोडून ४४.४ व्होल्टची गुंडाळी लागते.

चोक किती मोठा हवा, हे सर्वांत कमी प्रवाहावर ठरते. ५० हर्ट्झच्या विजेसाठी लोडचा रोध ओहममध्ये घेऊन त्याला ९४० ने भागले की किमान हेन्री मिळतात. ४० व्होल्टला शांततेत ०.२ अँपियर वाहत असेल, तर रोध २०० ओहम आणि चोक ०.२१ हेन्रीचा येतो. कायम ०.३ अँपियर घेणारा रोधक समांतर जोडला, तर ०.०८५ हेन्री पुरतात. मात्र त्या रोधकात १२ वॅट उष्णता होते. पुढे १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिल्यास उरलेली लाट सुमारे ०.१४ टक्के राहते.

लोड सुटले, तर दाब ६३ व्होल्टपर्यंत चढतो. म्हणून कपॅसिटर ८० किंवा १०० व्होल्टचा घ्यावा. डीसीने गाभा चुंबकत्वाने भरून जाऊ नये, यासाठी त्यात बारीक फट ठेवतात. पट्ट्या सैल राहिल्या की चोक स्वतःच गुणगुणतो, म्हणून त्या घट्ट आवळून वार्निश करतात. इनपुटच्या नाजूक भागापासून तो दूर ठेवतात. व्हॉल्व्हच्या यंत्रात आउटपुट ट्रान्सफॉर्मरशी काटकोनात बसवतात. नाहीतर विजेतून काढलेली घूं चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने पुन्हा आवाजात शिरते.