काळ्या कुड्याचं जांभळं तेल

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीकडे जाताना उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी लगडलेला कुडा दिसतो. त्याच्या शेंगा नीट पाहाव्यात. जोडशेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतील तर तो काळा कुडा, म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. शेंगा सुट्या लोंबत असतील तर तो पांढरा कुडा. त्याची साल जुलाबावर देतात. सोरायसिस या त्वचारोगावरच्या तेलात तो चालत नाही, तिथं काळाच लागतो.

काळ्या कुड्याचं तेल मूळचं तमिळ सिद्धवैद्यकातलं. मुलुंड-घाटकोपरच्या आयुर्वेदिक दुकानांत ते श्वेतकुटजाचं तेल म्हणून मिळतं; नावात ‘श्वेत’ असलं तरी ते काळ्या कुड्याचंच. करण्याची रीत साधी आहे. ताजी पानं हातानं तोडून काचेच्या बरणीत खोबरेल तेलात बुडवायची आणि बरणी काही दिवस उन्हात ठेवायची. तेल हळूहळू गडद जांभळं होतं.

औषधाचा धागा मला या रंगातच दिसतो. कुड्याच्या पानांत निळीची मूळद्रव्यं असतात. पूर्वी त्यापासून कापड रंगवायची नीळ काढत. पान फाटलं की ही द्रव्यं सुटी होतात, हवेशी संयोग पावतात आणि त्यातून निळं इंडिगो आणि तांबडं इंडिरुबिन अशी दोन रंगद्रव्यं तयार होतात. निळा आणि तांबडा मिळून जांभळा. यातलं इंडिरुबिन आपल्या कामाचं. ते का, हे कळायला आधी रोग समजून घ्यायला हवा.

सोरायसिस हा संसर्गजन्य रोग नाही. लोकलमध्ये शेजारी बसल्यानं तो कुणाला होत नाही, आणि हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. बिघाड शरीराच्या स्वतःच्या संरक्षणव्यवस्थेत असतो. आयएल-23 या संदेशवाहक प्रथिनानं चेतलेल्या टी पेशी (संरक्षणाचं काम करणाऱ्या पांढऱ्या पेशी) आयएल-17 हे तसंच दुसरं प्रथिन सोडत राहतात. त्यामुळे त्वचा लाल होते, सुजते आणि वरच्या थरातल्या पेशी भराभर वाढतात. एरवी तयार होऊन गळून पडायला ज्यांना सुमारे महिना लागतो, त्या चार-पाच दिवसांतच पृष्ठभागावर येतात. तेच रुपेरी खवले.

त्वचेच्या पेशींत एरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं. इंडिरुबिन त्याला जोडलं गेलं की ते पेशीच्या केंद्रकात शिरून ठरावीक जनुकांचं काम बदलतं. आयएल-17चा जोर उतरतो आणि त्वचेचा अडसर मजबूत करणारी फिलॅग्रिनसारखी प्रथिनं वाढतात. याच प्रथिनावर काम करणाऱ्या टॅपिनारोफ मलमाला अमेरिकेत 2022मध्ये सोरायसिससाठी मान्यता मिळाली. ते कुड्यापासून केलेलं नाही, पण वाट तीच आहे.

तैवानमध्ये यिन-कू लिन यांच्या गटानं 2008मध्ये निळीच्या मलमाची चाचणी प्रसिद्ध केली. 42 रुग्णांच्या एका बाजूच्या चट्ट्यावर औषधी मलम लावलं, दुसऱ्या बाजूच्या तशाच चट्ट्यावर निळीविना नुसतं मलम. बारा आठवड्यांत 31 जणांचा औषध लावलेला चट्टा पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेला. ही चाचणी कुड्याच्या तेलाची नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवं. घरच्या तेलात इंडिरुबिन किती उतरेल हे दर बरणीला वेगळं असतं, म्हणून त्या आकड्यांची हमी त्याला लावता येत नाही.

हे तेल लावायचं आहे, प्यायचं नाही. तशीच नीळ पोटात घेणाऱ्या काही रुग्णांच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याचं आढळलं आणि जपानच्या आरोग्य खात्यानं 2016मध्ये इशारा दिला. उद्यानातली पानंही तोडू नयेत. कायद्यानं ते मना आहे.

तेल वापरायचंच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस पाहावं. चालू औषध मनानं बंद करू नये, विशेषतः स्टिरॉइडच्या गोळ्या. त्या एकदम सोडल्या की सोरायसिस भयंकर उसळू शकतो. सकाळी बोटं आखडत असतील, सांधे सुजत असतील तर अंधेरीजवळच्या कूपरसारख्या रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवावं. सांध्यांच्या सोरायसिसवर तेलाचा उपयोग नाही, आणि उशीर झाला तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.