घरातल्या मांजरीची खाज
‘आमची मांजर बाहेर जातच नाही, पिसवा कुठून येणार?’ असे अनेकजण विचारतात. पिसवा आपल्या कपड्यांवरूनही घरात येतात. अ‍ॅलर्जी असली की मोजक्या चाव्यांनीही मांजर चाटून चाटून पोटावरचे, शेपटीच्या मुळाशी असलेले केस घालवते. पिसवाही गिळते, म्हणून त्या दिसत नाहीत. बारीक फणीत आलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. अंथरूण गरम पाण्यात धुवा. औषध डॉक्टरांकडूनच घ्या. कुत्र्याचे उरलेले औषध मांजरीला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर तिचा जीव जाऊ शकतो. पिसवा नसतील तर डॉक्टर आठ आठवडे वेगळा आहार सुचवतात. तेवढे दिवस ताटातला माशाचा तुकडाही नको.