बेला व्हिस्टातील मसनद

हैदराबादेत राजभवनाच्या रस्त्याने जाताना 'बेला व्हिस्टा' नावाची एक प्रशस्त वास्तू लागते. अखेरच्या निजामांचे ज्येष्ठ चिरंजीव आजम जाह यांचे हे निवासस्थान. १९३६ च्या करारानंतर त्यांना 'वऱ्हाडचे राजपुत्र' असा किताब मिळाला खरा. परंतु वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चालत असल्यामुळे तेथील वीतभर जमिनीवरही त्यांचा हुकूम कधी चालला नाही. ज्या घरात अंमलावाचून किताब नांदला, त्याच घरात किताबावाचून अंमल कसा करावा हे शिकविणारी संस्था पुढे यावी, हा योगायोग मला फार रुचतो. ती संस्था म्हणजे १९५६ साली सरकार आणि उद्योगपती यांच्या संयुक्त पुढाकाराने स्थापन झालेले ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया. माणसे घडविणे व कारभाराविषयी सल्ला देणे हा आज अनेकांचा व्यवसाय झाला आहे. आपल्याकडे त्या धंद्याच्या आद्य पेढ्यांत हिची गणना करावी लागेल.

हिचा नमुना विलायतेचा. टेम्स नदीकाठी हेन्लेजवळ ग्रीनलँड्स नावाचा एक वाडा आहे, पुस्तकविक्रीच्या धंद्यातून मंत्रिपदापर्यंत पोहोचलेल्या डब्ल्यू. एच. स्मिथ यांचा. युद्ध संपता संपता, १९४५ साली, स्थापन झालेल्या तेथील स्टाफ कॉलेजाचा पहिला वर्ग १९४८ मध्ये त्याच वाड्यात भरला. लष्करात सेनाधिकाऱ्यांना वरच्या जबाबदारीसाठी तयार करणारी विद्यालये होती. मग मुलकी अधिकारी, कारखानदार आणि बँकवाले यांनाच काय म्हणून नसावे, हा त्यामागचा विचार. संस्थापकांनी प्राचार्य म्हणून नोएल हॉल या अर्थशास्त्रज्ञाला नेमले, आणि लष्करी नमुन्याची ही संस्था एका मुलकी विद्वानाच्या हाती गेली.

तेथील शिक्षणपद्धतीचा प्राण म्हणजे 'सिंडिकेट'. निरनिराळ्या खात्यांतून आणि कंपन्यांतून आलेल्या प्रौढ अधिकाऱ्यांचे दहा-अकरा जणांचे गट पाडावयाचे, प्रत्येक गटाला एक विषय नेमून द्यावयाचा, एकाने अध्यक्ष व्हावयाचे, एकाने चिटणीस. वादविवाद करून, मसुदा सिद्ध करून तो मुदतीच्या आत इतरांपुढे मांडावयाचा आणि त्यांच्या भडिमारापुढे तो निभावून न्यावयाचा. विषय पालटला की अध्यक्षही पालटला. काल ज्याने गटाला दटावले तो आज मुकाट्याने टिपणे घेत बसतो. आणि आपल्या कचेरीत ज्याच्या एका शेऱ्याने फाइली अडून राहतात असा सचिव, लोखंडाच्या कारखान्यातील एखाद्या तरुण व्यवस्थापकाच्या अध्यक्षतेखाली, बोलण्याची आपली पाळी येईपर्यंत तिष्ठत असतो. व्याख्याने असतात, नाहीत असे नाही. पण खरे शिक्षण या तिष्ठण्यात आहे. गादी ही मिरासदारी नसून पाळी आहे, हे चाळिशी गाठलेल्या माणसाला शब्दांनी पटत नाही; ते त्याच्या अंगावरून जावे लागते.

अशा विद्यालयाला प्रमुख नेमावयाचा म्हणजे मोठे अवघड कर्म. सामान्य महाविद्यालयाचा प्राचार्य निदान आपल्या विषयात विद्यार्थ्यांहून अधिक जाणतो. येथे वर्गात बसलेला प्रत्येक जण आपापल्या कामात मुरलेला. प्राचार्याने त्याला काय शिकवावे? विद्वान आणला तर तो शिकवीत सुटणार, मातब्बर अधिकारी आणला तर तो हुकूम सोडीत सुटणार. आणि या दोन्ही सवयी सिंडिकेटला सारख्याच मारक.

हैदराबादच्या संस्थेच्या नियामक मंडळाने १९५७ च्या ऑक्टोबरात जनरल सत्यवंत मल्लण्णा श्रीनागेश यांना प्राचार्यपदी आणले. श्रीनागेश कोल्हापुरात जन्मलेले, सँडहर्स्टला शिकलेले. १९५५ ते १९५७ या काळात ते हिंदुस्थानचे सेनाप्रमुख होते. साऱ्या सेनेचे आधिपत्य सोडून अवघ्या पाच महिन्यांनी माणूस काही गटांच्या वादविवादाची व्यवस्था पाहावयास येतो, हे वरवर पाहता पदावनतीसारखे दिसेल. मला मात्र या निवडीत मार्मिकता दिसते. ज्याने सर्वोच्च हुकूम देऊन झालेला आहे, त्याला हुकूम देण्याची हौस उरत नाही. आणि वर्गातला कितीही बडा सचिव असो, अशा माणसापुढे त्याला आपल्या हुद्द्याची ऐट दाखविण्याचे प्रयोजन राहत नाही. शिवाय काश्मीरच्या आघाडीवर ज्याने सेनेच्या तुकड्या सांभाळल्या, त्याला गटाचे मन कसे घडते आणि कसे बिघडते हे कोणी पोथीतून सांगावे लागत नव्हते.

दोन वर्षांत ते गेले. १९५९ साली आसामच्या राज्यपालपदी त्यांची नेमणूक झाली. त्याच सुमारास नियामक मंडळाची सूत्रे चिंतामणराव देशमुखांकडे आली आणि पुढे सुमारे चौदा वर्षे त्यांच्याकडे राहिली. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली ते मंत्रिपद सोडून देणारे हे गृहस्थ संस्कृताचे व्यासंगी. मेघदूताचा मराठी अनुवाद त्यांच्या नावावर आहे. पाळीपाळीने अध्यक्ष होण्याचा पाठ देणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष मात्र चौदा वर्षे एकच! यात विसंगती आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शिकणाऱ्याने खुर्ची सोडावयास शिकावे म्हणून शाळेचीच खुर्ची दरसाल हलवावी, असेही नाही. प्राचार्य बदलत राहिले तरी संस्थेची स्मृती कोठेतरी स्थिर राहावी लागते, आणि खुर्ची सोडता येते हे आधीच सिद्ध केलेल्या माणसाच्या ठायी ती राहिली तर भय कमी.

आपल्याकडे १९६३ साली मुंबईत निघालेले आणि १९८४ मध्ये पुण्यास गेलेले राज्याचे स्टाफ कॉलेज, म्हणजे आजची 'यशदा', याच कुळातली. तेथील महासंचालक सनदी सेवेतून येतो आणि बदलीचा हुकूम निघाला की जातो. सरकारी शिरस्त्याला ते साजेसेच. परंतु बदली होणे आणि निवड होणे यांत जो फरक आहे तो खुर्चीवर बसणाऱ्याच्या आधी तिच्याभोवतीच्या लोकांना कळतो.

श्रीनागेशांचा आणि त्या रस्त्याचा संबंध मात्र १९५९ मध्ये तुटला नाही. १९६२ साली ते आंध्र प्रदेशाचे राज्यपाल होऊन हैदराबादेस परत आले आणि बेला व्हिस्टाच्याच रस्त्यावरील राजभवनात राहू लागले. तेथे ना पाळी होती, ना सिंडिकेट, ना भडिमार. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे, एवढेच काम होते.