फिट कोणती, त्यावर गोळी ठरते

अकरावीतली मुलगी सकाळी उठून दात घासत असते आणि हाताला एकदम झटका बसून ब्रश उडतो. कधी चहा सांडतो. घरचे तिला वेंधळी म्हणतात. परीक्षेसाठी जागरण झाल्यावर एका सकाळी ती कोसळते, हातपाय ताठ होतात, तोंडाला फेस येतो. दवाखान्यात घरचे एवढंच सांगतात, ‘फिट आली.’ तेवढ्यावर कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू झालं, तर तिचे सकाळचे झटके वाढू शकतात. दोन्ही औषधं जुनी आणि उत्तम आहेत, पण या आजारासाठी नाहीत. तिला आहे तो किशोरवयात सुरू होणारा ‘ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक’ प्रकारचा अपस्मार. यात एमआरआय बहुधा स्वच्छ येतो. ईईजीची मदत होते, पण मोठी खूण म्हणजे ते सकाळचे झटके. आणि ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

अपस्माराच्या उपचाराची निवड इथून सुरू होते. काही फिट मेंदूच्या एका ठरावीक भागातून उठतात, त्यांना फोकल म्हणतात. काहींमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजू सुरुवातीपासूनच सापडतात, त्या जनरलाइज्ड. बाहेरून पाहणाऱ्याला शेवटी दोन्हींत अंग आखडलेलंच दिसतं. औषधांना मात्र हा फरक कळतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘सनाद’ या मोठ्या चाचणीत फोकल अपस्मारासाठी लॅमोट्रिजिन सरस ठरलं, तर जनरलाइज्ड प्रकारात व्हॅल्प्रोएट. २०२१च्या दुसऱ्या ‘सनाद’मध्ये लेव्हेटिरासेटामसारखं नवं औषध तुलनेला असूनही हे चित्र बदललं नाही. नवं आणि महाग म्हणजे अधिक गुणकारी, असं इथे गृहीत धरता येत नाही.

मग आपल्या अकरावीतल्या मुलीला व्हॅल्प्रोएट द्यावं का? फिट थांबवण्यापुरतं पाहिलं, तर हो. पण गरोदरपणात हे औषध चालू असेल तर सुमारे दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं आणि १०० पैकी ३० ते ४० मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. म्हणून मुलींसाठी शक्यतो लेव्हेटिरासेटाम किंवा लॅमोट्रिजिन आधी वापरून पाहतात. पहिल्याने काहींची चिडचिड वाढते. दुसऱ्याचा डोस पुरळ टाळण्यासाठी फार हळू वाढवावा लागतो, आणि काहींचे झटके त्याने वाढतातही. निर्दोष पर्याय नाही, हे मुलीला आणि आईवडिलांना समोर बसवून सांगायला हवं. आधीच व्हॅल्प्रोएटवर असलेल्या बाईने दिवस राहिल्याचं कळताच ते आपल्या मनाने बंद करणंही तितकंच धोक्याचं. जोरदार फिट आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकते. हा विचार लग्नाआधी, डॉक्टरांबरोबर व्हायला हवा.

आणि लग्न म्हटलं की आपल्याकडे लपवाछपवी येते. सासरी कळू नये म्हणून गोळ्या चुकतात आणि गोळ्या चुकल्या की फिट येते. हिंदू विवाह कायद्यातल्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्येच काढून टाकला गेला. स्थळं पाहणाऱ्यांच्या मनातून तो अजून गेलेला नाही, आणि त्याची किंमत त्या मुलीचा मेंदू मोजतो, याचा राग येतो.

योग्य औषध, योग्य डोस आणि न चुकता घेणं, एवढं जमलं तर १०० पैकी साधारण ७० जणांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्यांचं काय? ग्लासगोमधल्या ५२५ रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात आधी औषध न घेतलेल्यांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधाने फिटमुक्त झाले, आणखी १३ टक्के दुसऱ्याने. तिसऱ्या औषधाने जेमतेम एक टक्का. म्हणूनच नीट निवडलेली, पुरेशा डोसची दोन औषधं फसली की आजार औषधांना दाद देत नाही असं मानतात. तरीही आपल्याकडे चिठ्ठीवर चौथी, पाचवी गोळी चढत जाते आणि वर्षं निघून जातात.

मेंदूतल्या एकाच जागेतून फिट येत असतील, तर शस्त्रक्रियेने ती जागा काढता येते का हे तपासता येतं. कानशिलामागच्या टेम्पोरल भागातल्या अपस्मारावर कॅनडात झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभराने शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के लोक भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, केवळ औषधांच्या गटातले ८ टक्के. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत आणि मुंबईच्या केईएममध्ये या शस्त्रक्रिया होतात. प्रत्येकाला ती लागू पडत नाही, पण तपासणीचा हक्क प्रत्येकाला आहे.

घरात कुणाला फिट येत असेल, तर पुढच्या वेळी त्यांना कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर थेट रुग्णालय गाठा. जवळ दुसरं कुणी असेल तर त्याला मोबाइलवर चित्रण करायला सांगा आणि ते डॉक्टरांना दाखवा. दोन औषधांनंतरही फिट येत असतील, तर तिसरी गोळी लिहून घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘आम्हाला एपिलेप्सी सेंटरला पाठवता का?’