दातांच्या ब्रिजसाठी सीमेपार

दाढ काढून टाकली की मोकळी झालेली जागा तशीच राहत नाही. शेजारचे दात हळूहळू त्या फटीकडे कलतात, समोरच्या जबड्यातली दाढ अडवणारे कोणी नसल्याने बाहेर सरकू लागते आणि रिकाम्या जागेतले हाड झिजत जाते. ही जागा भरण्याचा रुळलेला उपाय म्हणजे ब्रिज. फटीच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करतात आणि दोन कॅप व मधला कृत्रिम दात असा सलग तुकडा त्यांवर सिमेंटने पक्का बसवतात. घासलेले एनॅमल पुन्हा वाढत नाही. त्यामुळे ब्रिज पुढेमागे बदलता आला, तरी आधाराचे दात पूर्ववत होत नाहीत.

श्रीमंत देशांत हे काम महाग पडते आणि विमा त्यातला थोडाच भार उचलतो. अमेरिकेत १९६५ साली ज्येष्ठांसाठी मेडिकेअरचा कायदा झाला, पण दातांचे नेहमीचे उपचार तिच्या मूळ योजनेत धरलेले नाहीत. याच कारणाने ॲरिझोनातल्या युमा शहराजवळ, मेक्सिकोच्या हद्दीत, लॉस अल्गोडोनेस हे काही हजार वस्तीचे गाव दंतवैद्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध झाले. हिवाळ्यात अमेरिकी पेन्शनर अलीकडे गाडी लावतात, पायी सीमा ओलांडतात आणि दातांचे काम उरकून संध्याकाळी परततात. युरोपात हेच स्थान हंगेरीचे आहे. ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या शोप्रोन आणि मोशोनमॉद्यारोवार या शहरांत ऑस्ट्रियन रुग्ण मोटारीने येतात, तर ब्रिटिश रुग्ण विमानाने बुडापेस्ट गाठतात. अमेरिका-युरोपात स्थायिक झालेली मराठी मंडळीही सुट्टीत पुण्या-मुंबईला आली की दातांची कामे करून घेतात.

दरातला फरक मुख्यतः डॉक्टर व तंत्रज्ञाची मजुरी आणि जागेचे भाडे यांतून येतो. साहित्य पुष्कळदा तेच असते. झिरकोनियाचा ब्रिज अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या ठिसूळ चकतीतून यंत्राने कोरला जातो. त्या वेळी तो हव्या त्या मापापेक्षा सुमारे २० ते २५ टक्के मोठा ठेवतात. नंतर भट्टीत सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापमानाला तो भाजतात, तेव्हा तो आकसून नेमक्या मापाचा आणि कठीण होतो. हे गणित चुकले तर कॅपची कड दाताला नीट भिडत नाही, आणि राहिलेल्या फटीतून कीड आत शिरते.

ब्रिज प्रवासाच्या वेळापत्रकात बसतो, हे त्याचे मोठे आकर्षण. पहिल्या भेटीत एक्स-रे काढतात, दात घासतात, मापे घेतात आणि तात्पुरता ब्रिज बसवतात. लॅबचे काम काही दिवसांत होते. त्यानंतर ट्रायल घेऊन कायमचा ब्रिज चिकटवतात. सगळे मिळून आठवडा-दहा दिवस पुरतात. इम्प्लांटचे तसे नाही. जबड्यात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूभोवती हाड घट्ट धरायला साधारण ३ ते ६ महिने जातात, म्हणजे बहुधा दुसरी फेरी आलीच.

याच सोयीपायी ब्रिज गरजेपेक्षा लांब होण्याचा धोका असतो. ब्रिज दोन टोकांवर टेकलेल्या तुळईसारखा असतो, आणि तुळईची लांबी वाढली की तिचे वाकणे लांबीच्या घनाच्या पटीत वाढते. एका दाताऐवजी सलग दोन दातांची जागा ओलांडायची तर ब्रिज आठपट वाकतो, तिनांची असेल तर सत्तावीसपट. दंतवैद्य आंटे यांनी १९२६ मध्ये मांडलेला नियम असा, की आधाराच्या दातांच्या मुळांचे एकूण क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांइतके तरी असावे. आज तो काटेकोर नियम मानत नाहीत, पण त्यातला इशारा खरा आहे. कमकुवत मुळांवर लांब ब्रिज टाकला तर आधारही जातो.

दाताच्या तक्रारी मात्र परतीचे तिकीट पाहून येत नाहीत. घासताना पाण्याचा फवारा चालू असला तरी दाताच्या नसेला धक्का बसतो, आणि ती काही महिन्यांनी, कधी वर्षांनी मरू शकते. मग कॅपला भोक पाडून रूट कॅनाल करावे लागते. चाव्याचेही तसेच आहे. दाताला काही शतांश मिलिमीटरचा उंचवटाही जाणवतो, पण भूल उतरलेली नसेल तर रुग्णाला तो सांगता येत नाही. म्हणून रंगीत कागद चाववून तपासणी झाल्यावरही दोन-तीन दिवस जेवून पाहावे आणि पुन्हा दाखवावे. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात काम सुरू केले तर ही मुभा उरत नाही.

जाण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून हिरड्या, मुळे आणि हाड तपासून घ्यावे. परदेशातल्या डॉक्टरची नोंदणी, उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाची पद्धत, कोणते दात घासणार आणि का, हे विचारावे. हमी लेखी घ्यावी. ती बहुधा ब्रिज पुन्हा करून देण्यापुरती असते, विमानभाड्याची नसते. परतताना आधीचे व नंतरचे एक्स-रे, साहित्याचे व सिमेंटचे नाव आणि दाताच्या रंगाचा क्रमांक जवळ असावा. ही माहिती नसेल तर दुसऱ्याने केलेल्या कामाला हात लावायला स्थानिक डॉक्टर कचरतात.

चांगल्या ब्रिजपैकी सुमारे ९० टक्के १० वर्षांनंतरही तोंडात टिकलेले असतात, असे दीर्घकालीन अभ्यास सांगतात. त्यासाठी कृत्रिम दाताखालून रोज फ्लॉस ओवून किंवा बारीक ब्रश फिरवून अन्नकण काढावे लागतात आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करावी लागते.