दूरवैद्यक आणि मज्जासंस्थेचे विकार : जवळच्या वैद्याचे कर्तव्य

रोगीपरीक्षणाची दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही तीन साधने आपल्या शास्त्राने सांगितली आहेत. दूरध्वनी किंवा पडद्याच्या माध्यमातून होणाऱ्या चिकित्सेत, म्हणजेच टेलिमेडिसिनमध्ये, दर्शन अंशतः साधते, प्रश्न बऱ्याच अंशी साधतो; स्पर्शन मात्र पूर्णपणे सुटते. स्नायूंचा ताठरपणा, दुर्बल हाताचे बळ, त्वचेची संवेदना, नाडी यांपैकी काहीही पडद्यावर उमटत नाही. म्हणूनच मज्जासंस्थेच्या विकारांत दूरवैद्यकाचे यश दूर बसलेल्या तज्ज्ञाइतकेच रुग्णाजवळ असलेल्या वैद्यावर अवलंबून असते.

आपल्या वर्धा जिल्ह्याचेच पाहा. सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही मोठी रुग्णालये वर्धा शहरालगत आहेत. आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) किंवा समुद्रपूर तालुक्यातील खेड्यातून तेथे यायचे, तर रुग्णासह सोबतच्या माणसाचीही दिवसाची मजुरी बुडते. अपस्मार, कंपवात यांसारख्या व्याधींत वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासणी लागते. अशा रुग्णाची एक जरी खेप वाचली, तरी औषध मध्येच सुटण्याचा धोका कमी होतो.

या व्यवस्थेत आयुर्वेदाचा पदवीधर आधीपासूनच उभा आहे. केंद्र शासनाची ई-संजीवनी सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी सुरू झाली आणि एप्रिल २०२० पासून घरबसल्या बाह्यरुग्ण सल्ल्याचीही सोय झाली. महाराष्ट्रात उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमध्ये बी.ए.एम.एस. पदवीधरांची संख्या मोठी आहे. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाली. पाठोपाठ तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी स्वतंत्र तत्त्वे दिली. रुग्णाची ओळख पटवणे, संमती घेणे, नोंद ठेवणे आणि गरज दिसताच प्रत्यक्ष तपासणीस पाठविणे, हे त्यांचे सार आहे.

पक्षाघात : येथे सल्ला नव्हे, वाहन हवे

तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, वाणी अडखळणे ही लक्षणे अकस्मात दिसली, तर फोनवर दीर्घ विचारणा करीत बसू नये. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. आणि गुठळी आहे की रक्तस्राव, हे सी. टी. स्कॅनशिवाय कळत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गिळण्याची शक्ती क्षीण झालेली असू शकते, म्हणून तोंडाने काढा, मात्रा वा पाणीही देऊ नये. अभ्यंग, स्वेदन, बस्ती यांचा विचार पुढचा. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता, ती वेळ मात्र कागदावर लिहून द्यावी. वैद्याने केलेली ही एकच नोंद पुढचा निर्णय ठरवू शकते.

हिमाचल प्रदेशात मेंदुविकारतज्ज्ञ नसलेल्या रुग्णालयांतील डॉक्टरांनी दूरस्थ तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाने हे औषध दिल्याचे उदाहरण आहे. ते शक्य झाले, कारण रुग्ण स्कॅन असलेल्या ठिकाणी वेळेत पोहोचला. उलट, पक्षाघातानंतर केवळ संदेश व चित्रफिती पाठवून दुसरा झटका टळतो का, हे भारतातील ३१ केंद्रांत तपासले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात औषधांच्या नियमिततेत सुधारणा दिसली; पुन्हा येणाऱ्या झटक्यांचे प्रमाण मात्र घटले नाही.

अपस्मार : न सांगितलेले औषध

दूरवैद्यकाचा सर्वाधिक लाभ अपस्माराच्या रुग्णांना होऊ शकतो. निदान झालेले असते. प्रश्न औषधाची मात्रा व सातत्य यांचा असतो. झटक्याची नातेवाइकांनी मोबाइलवर टिपलेली चित्रफीत तज्ज्ञाला दहा प्रश्नांपेक्षा अधिक सांगून जाते.

परंतु येथेच आपल्यावरील जबाबदारी सर्वांत मोठी आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांचे झटके शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदीय औषध सुरू केल्यावर पुन्हा येऊ लागले होते. प्राण्यांवरील प्रयोगात या औषधाने रक्तातील फेनिटॉइनची पातळी उतरल्याचे आढळले. ‘बुद्धिवर्धक’ म्हणून घरात आणलेली बाटली रुग्ण तज्ज्ञाला सांगत नाही, कारण तो तिला औषधच मानीत नाही. पडद्यापलीकडील तज्ज्ञ मग मात्रा वाढवतो आणि खरे कारण फडताळातच राहते.

त्याचप्रमाणे, झटके थांबले म्हणून चालू गोळी एकाएकी बंद करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. त्यातून एकामागून एक झटके येऊन रुग्णाचा जीव धोक्यात येऊ शकतो.

कंपवात

कंप, चालण्यातील मंदपणा, वळताना जाणारा तोल हे पडद्यावर चांगले दिसते. ताठरता वैद्याने हाताने पाहून सांगावी. कपिकच्छूच्या बीजात लेव्होडोपा नैसर्गिकरीत्या असतो, हे आपण जाणतोच. रुग्ण त्याच द्रव्याची गोळी घेत असेल, तर दोन्ही मात्रांची बेरीज होते. अनैच्छिक हालचाली, मळमळ, उभे राहताच येणारी भोवळ ही त्याची चिन्हे असू शकतात.

औषधविक्रेत्यांस विनंती

‘फिट येते’, ‘हात थरथरतो’ असे सांगणाऱ्या ग्राहकास चालू असलेली औषधे विचारावीत. शंखपुष्पी व कपिकच्छूचे कल्प देण्यापूर्वी हा प्रश्न न चुकता विचारावा. कुचला, वत्सनाभ यांसारख्या विषद्रव्यांचे कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याचे आहेत. केवळ फोनवरील मागणीवरून ते देऊ नयेत.

प्रत्येक दूरसल्ल्यापूर्वी वैद्याने एका कागदावर रुग्णाची सर्व औषधे लिहावीत : गोळ्या, काढे, चूर्णे, तेले, सारे काही. त्यात आपण स्वतः दिलेलेही असावे. तो कागद कॅमेऱ्यासमोर धरावा. दूरच्या तज्ज्ञाला आपण सांगू तेवढेच कळते. आपल्या औषधाचे नाव उच्चारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही; ते न उच्चारल्याची किंमत मात्र रुग्णाला मोजावी लागते.