नाल्याकाठची वनस्पतिसंपदा : काय राखावे, काय काढावे

वैनगंगा, चुलबंद, सूर व बावनथडी या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले यांनी भंडारा जिल्ह्याची भूमी समृद्ध केली आहे. हजार मिलिमीटरहून अधिक पर्जन्यमान, धानाच्या बांध्या आणि जुने मालगुजारी तलाव यांमुळे हा जिल्हा 'तलावांचा जिल्हा' म्हणून ओळखला जातो. येथील अनेक शेतांच्या व घरांच्या एका अंगाला नाला किंवा बोडी असते आणि तिच्या काठी, कोणी न लावलेली झाडेझुडपे वाढलेली असतात. नाल्याचे खोलीकरण किंवा साफसफाई करताना हा सारा हिरवा पट्टा केरकचरा समजून सरसकट काढून टाकला जातो. वस्तुतः त्यातील काही वनस्पती काठ सावरून धरतात, तर काही पाण्याची जागाच गिळंकृत करतात. हा भेद ओळखूनच साफसफाई करणे हिताचे आहे.

काठाचे रक्षक

नाल्याकाठी आढळणारा अर्जुन त्याच्या फिकट, गुळगुळीत सालीवरून सहज ओळखता येतो. अर्जुन व ऐन यांच्या पानांवर टसर रेशमाच्या अळ्या पोसल्या जातात. ढिवर समाजातील अनेक कुटुंबांचा हा परंपरागत जोडधंदा असून मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे गाव कोसा वस्त्रांसाठी प्रसिद्ध आहे. करंज, उंबर, जांभूळ हे वृक्ष आणि निरगुडी, धायटी ही झुडपे आपल्या मुळांनी माती बांधून ठेवतात. करंज शेंगवर्गीय असल्याने जमिनीतील नत्रही वाढवितो. वाळ्याची मुळे तर सरळ खाली खोलवर जातात. मात्र सुगंधी मुळांच्या लोभाने वाळ्याची बेटे समूळ खणून काढल्यास पहिल्याच पुरात काठ ढासळतो.

ऋतूंचा फुलोरा

हिवाळा सरताना पळस व धायटी तांबड्या फुलांनी बहरतात. उन्हाळ्यात करंजाच्या फुलांचा सडा पडतो. पावसाळ्याच्या आरंभी तरोटा व केना उगवतात. तरोट्याची कोवळी पाने भाजी म्हणून आवडीने खाल्ली जातात. श्रावणात कुंपणावर कळलावीची लाल-पिवळी फुले दिसतात. ती मनोहर असली तरी तिचा कंद विषारी असल्याने मुलांना त्याची जाणीव करून देणे अगत्याचे आहे. पाऊस ओसरल्यावर नदीच्या वाळूत कासाचे पांढरे तुरे डोलू लागतात आणि ओलसर खाचांतून तालिमखान्याची जांभळी फुले उमलतात.

तलावाच्या कडेला उगवणारे देवधान हे रानटी धान विशेष लक्ष देण्याजोगे आहे. रानटी धानाचे मोल जगाने अनुभवले आहे. उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या 'ओरायझा निव्हारा' या रानधानाच्या रोगप्रतिकारक गुणाचा उपयोग करून फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने खुजेपणा आणणाऱ्या एका विषाणूजन्य रोगाला तोंड देणारे वाण तयार केले. १९७६ साली प्रसृत झालेले 'आय. आर. ३६' हे त्यांपैकीच होय. काठावरचे गवत म्हणून जे उपटले जाते, त्यात उद्याच्या पिकाचे संरक्षण दडलेले असू शकते.

उपद्रवी पाहुणे

याउलट बेशरम, जलपर्णी व घाणेरी या मूळच्या अमेरिका खंडातील वनस्पती होत. बेशरमाची फिकट जांभळी फुले शोभिवंत दिसतात. परंतु तिचा पाला जनावरांना, विशेषतः शेळ्यांना, विषारी ठरतो. तोडलेली कांडी ओल्या मातीत पडली तरी तिला पुन्हा मुळे फुटतात. म्हणून नुसती छाटणी निरुपयोगी ठरते. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर मुळासकट उपटून, कोरड्या जागी पूर्ण वाळवून तिची विल्हेवाट लावणे हाच उपाय आहे.

१ मे १९९९ पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेल्या आणि आता गोंदिया जिल्ह्यात मोडणाऱ्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात या कामाचे उदाहरण पाहावयास मिळते. तेथील काही तलावांतून ढिवर बांधवांनी व भगिनींनी बेशरम काढली आणि तिच्या जागी स्थानिक पाणवनस्पती लावल्या. माशांना अन्न व आसरा देणाऱ्या वनस्पती कोणत्या, याचे पिढीजात ज्ञान त्यांच्यापाशी होते.

ग्रामपंचायतींचे कर्तव्य

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. नाल्याकाठच्या वनस्पतींची स्थानिक नावे, फुलण्याचा काळ व उपयोग यांची नोंद या वहीत व्हावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून ऋतुवार यादी करून घेतल्यास आणि गावातील वृद्ध, वैदू व ढिवर मंडळींचे ज्ञान तीत उतरविल्यास ही वही केवळ दप्तरी कागद राहणार नाही. खोलीकरणाचे काम सुरू होण्यापूर्वी राखावयाच्या झाडांवर खुणा करून ठेवल्यास यंत्र चालविणाऱ्यालाही मार्गदर्शन होईल.

काठ उघडा पडला की बांधीतील माती नाल्यात आणि नाल्यातील गाळ तलावात जातो. तो गाळ काढण्यासाठी पुन्हा पुन्हा खर्च करण्यापेक्षा, माती जागेवरच धरून ठेवणारी झाडे राखणे अधिक शहाणपणाचे होय.